आत्याच्या गोळीवरची जकात

शिर्डी, ता. राहाता, जि. अहिल्यानगर

एगर्थेला लेंटा,
मुक्काम मोठे आतडे.

पत्राच्या सुरुवातीला स. न. वि. वि. लिहायची रीत आहे. तुझ्या बाबतीत ती मी पाळत नाही. नमस्कार करावा असं तू काही केलेलं नाहीस आणि विनंती करायला मी बसलेली नाही. तुझ्यावर माझा आरोप आहे आणि तो चारचौघांत करायचा आहे, म्हणून हे पत्र उघडं आहे.

आधी माझा गुन्हा सांगून टाकते. आत्याला त्या गोळ्या मी दिल्या. पौषातल्या थंडीत तिला खोकला झाला, कफ पिवळा झाला, रात्र रात्र ती भिंतीला टेकून बसू लागली. माझ्या मुलाच्या घशासाठी चार महिन्यांपूर्वी आणलेल्या क्लॅरिथ्रोमायसिनच्या आठ गोळ्या फडताळातल्या डब्यात उरल्या होत्या. घसा बरा वाटला तसा त्याचा कोर्स आम्ही मध्येच सोडला होता. त्या आठ गोळ्या मी आत्याला सकाळ-संध्याकाळ दिल्या. कुणाला विचारलं नाही. बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे अँटिबायोटिक म्हणजे काय हे मला ठाऊक आहे असं मी धरून चालले होते.

आता तुझं.

आत्या एकाहत्तर वर्षांची. लहानपणी तिचे सांधे सुजायचे, ताप यायचा, घसा दुखायचा. पोर वाढीला लागलीय, म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. तो संधिवाताचा ताप होता आणि जाता जाता तो तिच्या हृदयाची झडप बिघडवून गेला. चाळिशीनंतर तिला दम लागू लागला, पन्नाशीत ठोके अनियमित झाले. तेव्हापासून तिच्या डब्यात डिगॉक्सिन आहे. छोटी पांढरी गोळी, पाव मिलिग्रॅमची. तांदळाचा एक दाणा वीस मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे एका दाण्याचे ऐंशी भाग केले तर त्यातला एक भाग आत्याचं काळीज चालवतो. सोमवार ते शुक्रवार गोळी, शनिवार-रविवार सुटी. आपल्याकडे कितीतरी डॉक्टर हे औषध असंच देतात, कारण ते शरीरात साठत जातं. निरोगी मूत्रपिंड असलेल्या माणसातही निम्मं बाहेर पडायला दीड-दोन दिवस लागतात. आत्याला वार नीट आठवतात. गुरुवार साईबाबांचा, गोळीचा. शनिवार मारुतीचा, बिनगोळीचा.

विल्यम विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1785 साली डिजिटॅलिस या फुलझाडाच्या पानांवर पुस्तक लिहिलं. डिगॉक्सिन याच झाडाच्या जातकुळीतलं. अंगावर सूज आलेले रोगी त्या पानांनी कसे बरे होतात आणि पानं जास्त झाली तर कसे विषबाधेने लोळतात, हे त्याने त्यात नोंदवून ठेवलं. तेव्हापासून या औषधाची एकच गोष्ट पक्की आहे: गुण येण्याची मात्रा आणि विष होण्याची मात्रा यांत बोटभर अंतर आहे. म्हणून डॉक्टर ते जपून देतात. आत्यालाही आधी अर्धीच गोळी दिली होती. नाडी ताब्यात येईना. रक्तातली औषधाची पातळी पाहिली तर ती फारच खाली. मग डॉक्टरांनी विचार करून पूर्ण केली आणि गाडी रुळावर आली. आत्या गोळ्या चुकवते की काय, अशी शंका त्या वेळी माझ्याही मनात आली होती. मी तिला तसं विचारलंसुद्धा. ती दुखावली. देवाची शपथ घेऊन म्हणाली, एक वार चुकवलेला नाही.

ती खरं बोलत होती. अर्धी गोळी जात कुठे होती, हे मला आता उमगतंय.

तू जिवाणू; तिच्या आतड्यात, हवेचा स्पर्श नसलेल्या अंधारात बसून डिगॉक्सिनच्या रेणूतला एक दुहेरी बंध मोडतोस आणि तिथे हायड्रोजन चिकटवतोस. एवढाच फेरफार. पण त्यानंतर जे उरतं, ते डायहायड्रोडिगॉक्सिन, हृदयाच्या पेशींवरच्या आपल्या जागी नीट बसतच नाही. किल्लीचा एक दात घासून टाकावा तसं. गोळी पोटात गेलेली असते, पैसे दिलेले असतात, वार पाळलेला असतो आणि काळजापर्यंत पोचतं त्यातलं उरलंसुरलं. पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाके असायचे. तिथे निदान पावती मिळायची.

ही जकात पहिल्यांदा पकडली न्यूयॉर्कच्या जॉन लिंडेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. 1981 साली त्यांनी दाखवून दिलं की डिगॉक्सिन घेणाऱ्या दहांपैकी साधारण एका माणसाच्या लघवीत या औषधाचा फार मोठा हिस्सा असा निकामी होऊन बाहेर पडतो. मग त्यांनी अशा काही जणांना एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन दिलं. पाच दिवसांत निकामी औषध जवळजवळ दिसेनासं झालं आणि काहींच्या रक्तातलं डिगॉक्सिन दुपटीपर्यंत चढलं. गोळी तीच, माणूस तोच, जकात नाका उठलेला. दोन वर्षांनी त्याच गटाने नाक्यावर बसलेल्याचं नावही जाहीर केलं. तेव्हा तुला युबॅक्टेरियम लेंटम म्हणत. अर्नोल्ड एगर्थ यांनी 1935 साली माणसाच्या विष्ठेतून तुला वेगळं काढलं होतं आणि 1999 साली त्यांच्या नावावरून तुझं नवं बारसं झालं. लेंटा म्हणजे संथ.

आमच्या देशात तू कुठे कुठे आहेस, याचाही शोध झालेला आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे व्ही. आय. मथान आणि लिंडेनबॉम यांनी मिळून दक्षिण भारतातल्या आणि न्यूयॉर्कच्या निरोगी माणसांना डिगॉक्सिन देऊन तुलना केली. 1989 साली ती छापून आली. न्यूयॉर्कच्या 36 टक्के माणसांत औषध निकामी झाल्याच्या खुणा सापडल्या, दक्षिण भारतीयांत 13.7 टक्क्यांत. त्यातही खेड्यातल्या माणसांत फारच कमी, शहरातल्यांत जास्त. हे वाचताना मी थांबले. आत्या लहान होती तेव्हा शिर्डी हे ओढ्याकाठचं, बाभळी-कडुलिंबाचं गाव होतं. आज इथे विमानतळ आहे आणि आत्याच्या हारांच्या दुकानासमोर चोवीस तास गाड्या उभ्या असतात. गाव बदललं तसं गावाचं पोटही बदललं असेल. गल्लीतल्या दुकानांत आता भाकरीऐवजी पाव-बिस्किटं येतात, हे तर मी रोजच पाहते.

आता आत्याला त्या आठ गोळ्या सुरू केल्यानंतरच्या पाचव्या दिवसाचं सांगते, कारण ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

आत्या हार विकते. माझे आजोबा विकायचे, मग वडील, आता आत्या आणि माझा चुलतभाऊ. कोविडपासून मंदिरात हार-फुलं न्यायला बंदी होती, तेव्हा या गल्लीने वाईट दिवस पाहिले. बंदी उठली आणि पहाटेचा निशिगंध पुन्हा दुकानात यायला लागला. काकड आरतीच्या आधी माल येतो, आत्या पोत्यावर बसून ओवायला घेते. बोटं इतकी सवयीची की ओवताना ती फुलांकडे पाहत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहते.

त्या पहाटे तिने सुई खाली ठेवली. फुलं आणणाऱ्या पोराला म्हणाली, "काय रे, शिळा माल आणलास? सगळा पिवळा पडलाय की."

पोरगं गोंधळलं. माल ताजा होता. रात्री खुडलेला, दहिवर अजून अंगावर. माझ्या चुलतभावाने एक दांडी उचलून दिव्यापाशी धरली. शुभ्र. आत्याने ती त्याच्या हातातून घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि हट्टाने म्हणाली, "पिवळाय. आणि दिव्याला कडं कसलं पडलंय?"

आम्ही हसलो. म्हटलं, मोतीबिंदू पिकला असेल, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ. मी हसले याचा मला आजही त्रास होतो. पांढरं पिवळं दिसणं, दिव्याभोवती कडं दिसणं, ही डिगॉक्सिनच्या विषबाधेची खूण विदरिंगच्या काळापासून पुस्तकांत आहे. तसं एक पुस्तक माझ्या घरात होतं.

दुपारी तिने ताट सरकवलं. शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीची भाकरी, तिचं रोजचं जेवण, वासही नको म्हणाली. संध्याकाळी उलट्या. मी खोकल्याच्या औषधाला दोष दिला. रात्री ती दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर बसली. हात धरला तर नाडी लागेना. लागली तेव्हा मी घड्याळ लावून मोजली. एका मिनिटात 42.

दवाखान्यात पोचेपर्यंत तिने उदी मागितली. मी कपाळाला लावली, चिमूटभर जिभेवर ठेवली. डॉक्टरांनी चालू औषधं विचारली. डिगॉक्सिन सांगितलं, लघवी होण्याची गोळी सांगितली, रक्त पातळ ठेवण्याची सांगितली. "आणखी काही? गेल्या आठवड्यात?" मी नाही म्हणाले. अर्ध्या तासाने, रक्त काढून नेल्यावर, मला तो डबा आठवला. धावत जाऊन सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कागदावर ते नाव लिहिलं आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. रक्तातलं डिगॉक्सिन हवं त्याच्या तिपटीच्या पुढे होतं. लघवीच्या गोळीने पोटॅशियम उतरलेलं होतं आणि पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिनचा दंश आणखी खोल लागतो. औषध थांबवलं, पोटॅशियम सावकाश भरून काढलं, चार दिवस छातीला तारा लावून पडद्यावर ठोके पाहिले. पाचव्या दिवशी आत्याने मान वळवून शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारलं, "चादर पांढरीय ना?" ती हो म्हणाली. तेव्हा आत्या रडली.

तुझ्यावर मी खोटा आरोप करणार नाही. क्लॅरिथ्रोमायसिन दोन बाजूंनी घाव घालतं. एक तर ते तुझ्यासारख्यांना आतड्यात मारतं. शिवाय आतड्याच्या आणि मूत्रपिंडाच्या पेशींवर एक पंप असतो, पी-ग्लायकोप्रोटीन त्याचं नाव. डिगॉक्सिन उपसून बाहेर फेकणं हे त्याचं काम, आणि क्लॅरिथ्रोमायसिन तो पंपच बंद पाडतं. आत्याच्या रक्तात जे चढलं त्यातलं किती पंपामुळे आणि किती तुझ्या मरणामुळे, हे सांगायला तुझी मोजदाद झालेली असायला हवी होती. ती कुणी केली नव्हती. आमच्याकडे साखर तपासतात, क्रिएटिनिन तपासतात, थायरॉईड तपासतात. औषध देताना तुझी हजेरी घेण्याची पद्धत नाही. न्यायालयात मी हरेन, हे मला माहीत आहे. पण ती पहिली अर्धी गोळी, जी कुठे गेली ते वीस वर्षं कळलं नाही, ती माझ्या बाजूने साक्ष देते.

म्हणून आत्याच्या जिवावर उठलास, असं मी म्हणत नाही. माझी तक्रार तुझ्या मुकाट्याने खाण्यावर आहे. डॉक्टरांनी मात्रा ठरवली ती तुझा हिस्सा धरून, त्यांच्याही नकळत. आत्याचं मूत्रपिंड, तिचं वजन, तिचं वय, एवढंच त्यांनी मोजलं असं त्यांना वाटलं. हिशेबात तू होतास आणि वहीत नव्हतास. तू असेपर्यंत जमाखर्च जुळत राहिला. मी तुला मारलं त्या आठवड्यात तोच हिशेब विष झाला.

यावर तू म्हणशील की मी काही मुद्दाम करत नाही. तेही मी वाचलं आहे. 2013 साली हेन्री हायझर आणि पीटर टर्नबॉ यांच्या गटाने तुझ्या अंगातली ती दोन जनुकं शोधली. डिगॉक्सिन समोर आलं की ती जागी होतात. तुझ्या सगळ्याच भाऊबंदांकडे ती नाहीत. एकाच नावाचे दोघे, एक औषध निकामी करतो, दुसरा हातही लावत नाही. म्हणजे आतड्यात नुसता तू आहेस हे कळूनही भागत नाही, कुठला तू, हे कळावं लागतं. आणि त्या गटाला आणखी एक सापडलं: आर्जिनिन हे अमिनो आम्ल तुला भरपूर मिळालं की ती जनुकं निजतात. उंदरांना प्रथिनं जास्त असलेला आहार दिला तर त्यांच्या रक्तात डिगॉक्सिन जास्त टिकलं. आर्जिनिन शेंगदाण्यात भरपूर असतं. आत्याची चटणी माझ्या डोळ्यांपुढे आली. पण उंदरांवरच्या प्रयोगाचा धागा धरून मी तिचं ताट बदलणार नाही. एकदा स्वतःच्या अकलेने औषध देऊन बसले आहे.

तुझ्या गोतावळ्याचंही वाचलं. 1993 साली जपानमध्ये नागिणीवरचं नवं औषध आलं, सोरिव्हुडिन. कर्करोगासाठी फ्लुरोयुरासिलच्या गटातली औषधं घेणाऱ्या काही रुग्णांना ते दिलं गेलं. काही आठवड्यांत किमान पंधरा माणसं गेली. आतड्यातल्या जिवाणूंनी सोरिव्हुडिन मोडून त्यातून असा एक तुकडा मोकळा केला होता की ज्याने फ्लुरोयुरासिल निकामी करणारं यकृताचं विकरच कायमचं बंद पाडलं. कर्करोगाचं औषध अंगात साठत गेलं. त्या घरांत कुणी डब्यातली उरलेली गोळी दिली नव्हती. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं त्यांनी नेमाने घेतली होती.

कंपवाताच्या लेव्होडोपाचंही तसंच. हे औषध मेंदूत जाऊन डोपामिन व्हायला हवं. 2019 साली हार्वर्डच्या एमिली बाल्स्कस यांच्या गटाने दाखवलं की एंटरोकॉकस फिकॅलिस ते आतड्यातच डोपामिन करून टाकतो, आणि आतड्यातलं डोपामिन मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा देतात ते शरीरातलं विकर रोखायला. जिवाणूचं विकर त्याला फारसं जुमानत नाही. आणि त्याच शोधनिबंधात पुढची पायरी वाचली तर तिथे तू. तयार झालेल्या डोपामिनचा एक तुकडा मोडून मेटा-टायरामिन करणारा जिवाणू म्हणजे तूच, एगर्थेला लेंटा. आमच्या गल्लीत एक काका आहेत, त्यांचा उजवा हात थरथरतो. प्रसादाचे पेढे देताना कागद फाटतो. दोन वर्षांत त्यांच्या गोळ्या दुपटीने वाढल्या. कंपवात वाढत जातो तशी मात्रा वाढते, हे मलाही कळतं. तरी त्यांना पाहिलं की तुझी आठवण येते.

त्याच 2019 साली येल विद्यापीठातल्या मायकेल झिमरमन, अँड्र्यू गुडमन यांच्या गटाने आतड्यातले 76 जिवाणू आणि तोंडावाटे घ्यायची 271 औषधं समोरासमोर बसवली. 176 औषधांना कुठल्या ना कुठल्या जिवाणूने हात घातला. तीन औषधांत दोन. हा आकडा मी फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गातला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मग गोळीवर माणसाचं वय लिहितात तसं पोटाचं पण लिहायला पाहिजे." मी त्याला बस म्हणाले नाही.

पोटं वेगळी असतात हे आमच्या शिर्डीइतकं कुठे दिसेल? प्रसादालयात सूर्याच्या वाफेवर शिजलेलं तेच वरण, तोच भात, तीच भाजी हजारो पानांत पडते. पंगतीत चेन्नईचा बसलेला असतो, सुरतेचा असतो, मुंबईहून पायी पालखी घेऊन आलेला, पायाला फोड आलेला असतो. जेवण झालं की कितीतरी जण खिशातून पट्टी काढून पाण्याबरोबर गोळी घेतात. मधुमेहाची, रक्तदाबाची, हृदयाची. एका पंगतीत तेच अन्न आणि कित्येकांच्या हातात तीच गोळी, पण आत बसलेले तुम्ही प्रत्येकाच्या पोटात निराळे. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधले योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर एकाच छताखाली राहणाऱ्या दोन भारतीय एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्या तपासल्या होत्या. 2012 साली ते प्रसिद्ध झालं. एक चूल असूनही नातवाच्या, मुलाच्या आणि आजोबांच्या आतड्यातली वस्ती वयाप्रमाणे बदललेली होती. माझ्या मुलाच्या घशाला मानवलेली गोळी आत्यालाही मानवेल, असं मी धरलं, तेव्हा हा निबंध छापून कितीतरी वर्षं झालेली होती.

तुमच्यातले सगळे वाईट, असं मी लिहिलं तर तेही खोटं ठरेल. मोठ्या आतड्याला सूज येऊन रक्त पडतं त्या आजारात सल्फासॅलाझिन देतात. ते वरून गिळलेलं औषध तिथपर्यंत बंद पुडीसारखं जातं. पुडी उघडतात ती तुमच्यासारखे जिवाणू. 1972 साली जंतुरहित उंदरांत हे तपासलं तेव्हा त्यांच्या पोटात ती पुडी फुटलीच नाही. म्हणजे तुम्ही नसाल तर ते औषध निरुपयोगी. हे वाचून माझा राग कमी झाला नाही, पण त्याची दिशा बदलली. तुम्हाला सरसकट मारून टाकायचं, ही जी सवय आमच्या घराघरांत आहे, ती कुठून आली याचा मी विचार करू लागले.

द्वारकामाईत बाबांचं जातं आहे. गावात पटकी आली तेव्हा बाबांनी त्यावर गहू दळले आणि ते पीठ ओढ्याकाठी, गावाच्या शिवेवर नेऊन टाकायला सांगितलं, ही कथा साईसच्चरिताच्या पहिल्याच अध्यायात आहे. आत्या ती वर्षातून दहा वेळा तरी सांगते. पटकीही आतड्यातल्या जंतूचीच. आमच्या गावाच्या आठवणीत आतड्यातला जंतू शिरला तो असा, गावं रिकामी करणारा शत्रू म्हणून, शिवेबाहेर ठेवायचा म्हणून. तो धाक खरा होता, त्याने माणसं वाचवली. पण शिवेच्या आत, घरातच, पिढ्यान् पिढ्या राहणारेही कुणी आहेत आणि आमच्या तोंडात गेलेल्या प्रत्येक घासावर, प्रत्येक गोळीवर त्यांचा हात फिरतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून खोकला आला की डबा उघडतो. जुलाब झाले की डबा उघडतो. यात्रेला निघालेला माणूस लॉजवर उतरतो, अंग तापतं, खालच्या पोराला पैसे देतो आणि म्हणतो, जरा पाचशेची अँटिबायोटिक आण. चिठ्ठीशिवाय ती देऊ नये असा कायदा आहे. ती मिळते.

घरी आल्यावर आत्याने मला एकच प्रश्न विचारला. "तो जंतू परत येणार का?"

मी खरं ते सांगितलं. यायची शक्यता आहे. अँटिबायोटिक थांबली की उरलेसुरले पुन्हा वाढू लागतात, वस्ती आठवड्या-महिन्यांनी बरीचशी पूर्वीसारखी होते, तंतोतंत होईलच असं नाही.

"मग तो आला की गोळी पुन्हा कमी पडेल?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. हार ओवणाऱ्या, चौथी शिकलेल्या बाईला सुचला. मी तो डॉक्टरांना जाऊन सांगितला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बरोबर विचारतायत त्या." त्यांनी तिला पुन्हा अर्ध्या गोळीवर घेतलं, महिन्याने आणि मग तीन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि रोज सकाळी नाडी मोजून लिहायला सांगितलं. साठच्या खाली आली तर त्या दिवशी गोळी द्यायची नाही, फोन करायचा.

तर एगर्थेला लेंटा, तू परत येशील तेव्हा तुझ्यासाठी वही तयार आहे. शंभर पानी, माझ्या मुलाची उरलेली. डाव्या पानावर आत्याची नाडी. उजव्या पानावर त्या दिवशी तिच्या तोंडात जे जे औषध गेलं ते सगळं: काढा, चूर्ण, वेदनेची गोळी, उदीसुद्धा. आत्यानेच सांगितलं उदी लिही म्हणून, लपवायचं काही नको. फडताळातला डबा मी रिकामा केला. तिसऱ्या महिन्याच्या तपासणीत औषधाची पातळी खाली गेलेली दिसली, तर मला कळेल की नाक्यावर पुन्हा कुणीतरी येऊन बसलंय, आणि या वेळी डॉक्टर तुझा हिस्सा माहीत असून मात्रा ठरवतील.

आज गुरुवार. पहाटे साडेचारला निशिगंध आला. आत्याने एक दांडी उचलली, दिव्यापाशी धरली, मला दाखवली आणि ओवायला घेतली. नाडी 68. गोळी दिली.

— शिर्डीच्या एका हारवाल्या घरातली भाची